गळ्यापासून विणायचा स्वेटर



सुलट आणि उलट टाका आता आपल्याला येतो. आज अख्खा स्वेटर हाती घेऊ. सहा वर्षांच्या मुलाचा, २४ इंच छातीचा.

याला रॅग्लन म्हणतात. लॉर्ड रॅग्लन नावाचा एक इंग्रज सेनापती होता. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. त्याच्या नावावरून या बाहीला नाव पडले. हिची रेघ गळ्यापासून थेट काखेपर्यंत तिरपी उतरते. खांद्यावर जोड नाही.

पाव किलो लोकर लागेल. सगळी एकदम घ्या, आणि प्रत्येक लडीच्या कागदावरचा रंगाचा आकडा स्वतः वाचा. दुकानदार म्हणेल, "एकच रंग आहे, बाई." आकडा वेगळा असेल तर घेऊ नका. दिव्याखाली सारखा दिसणारा रंग उन्हात वेगळा दिसतो. मग पोटावर पट्टा उठतो.

आधी लहानसा चौकोन विणून पट्टीने मोजा. इंचात पाच टाके बसले पाहिजेत. सहा बसले तर जाड सुई घ्या. नाहीतर स्वेटर धाकट्या भावाला होईल!

आता तारेने जोडलेल्या गोल सुईवर ६४ टाके घाला. सैल घाला, डोके आत गेले पाहिजे. एक सुलट, एक उलट असा इंचभर गळा विणा. मग टाके वाटून घ्या. पाठीला २२, बाहीला १०, पुढच्या भागाला २२, दुसऱ्या बाहीला १०. चारही सांध्यांवर रंगीत दोरा अडकवा.

येथून सगळे सुलट. एका फेरीत प्रत्येक दोऱ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक टाका वाढवा. पुढची फेरी साधी. म्हणजे दर वाढीला आठ टाके वाढले. चौसष्ट, बहात्तर, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी... अहो, हा तर आठाचा पाढा! आकडा पाढ्यात बसला नाही तर कुठेतरी टाका सुटला, असे समजा. लगेच शोधा. दहा ओळींनंतर उसवताना रडू येते. प्रत्येक वाढीला कागदावर एक रेघ मारा. वीस रेघा झाल्या की सुईवर २२४ टाके होतात.

आता बाह्यांचे पन्नास-पन्नास टाके दोऱ्यात ओवून ठेवा. पाठ आणि पुढचा भाग जोडा. जोडताना दोन्ही काखांत चार-चार नवे टाके घाला. १३२ झाले, म्हणजे सव्वीस इंच घेर. मुलाच्या अंगाला लावून पाहत कमरेपर्यंत विणा. शेवटी दोन इंच काठ.

बाही पायमोज्याच्या सुयांवर विणा. काखेतले चार टाके उचलून ५४ होतात. काखेच्या रेषेत दर सातव्या फेरीला दोन कमी करा. ३६ उरले की मनगटाचा काठ.

पुढच्या थंडीत बाही आखूड होईल. होऊ दे. काठ उसवा, टाके सुईवर घ्या, तिथूनच दोन इंच खाली विणा. खालून वर विणलेल्या स्वेटरला हे सोपे नाही. त्यासाठी एक लडी राखून ठेवा, आणि स्वेटर धुवाल तेव्हा तीही धुवा. दोघांचा रंग बरोबरच उतरेल.