माय कुठं कुठं जाते

(युवक मेळाव्यातलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कविता नाही. गोदीत माझं येणं-जाणं मोजलं जातं. पास, हजेरी, पाळी. इथं इंदोऱ्यात माझी माय दिवसातून चारदा घराबाहेर पडते, त्याची नोंद कोण्या वहीत नाही. पगार नाही, म्हणून तिचं चालणं प्रवासात धरतच नाहीत!

ती जाते चक्कीवर, भाजीला, विहारात, कुणाच्या मयतीला. गल्ल्या अरुंद, घराला घर लागून. पण सगळं पायाजवळ. वस्तीला गलिच्छ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. तिकडं शहराच्या टोकाला ले-आउट पडलेत, तिथं कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडीला किक मारावी लागते. आमची मावशी वस्ती तुटल्यावर अशाच एका टोकाच्या घरकुलात गेली. पक्कं घर, नळ, संडास. हक्काचं आहे, नको कोण म्हणेल? पण तिला गाडी येत नाही, ऑटोला पैसे नाहीत. विहार सुटलं, बायांत बसणं सुटलं. शेजारचा पोरगा मोटरसायकलनं रोज बर्डीला जाऊन येतो. त्याला तिथून काहीच दूर नाही.

आता कामठी रोड बघा. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो कस्तुरचंद पार्कवरून पुढं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावू लागली, इंदोरा चौकात स्टेशन झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच खांबांवर साडेपाच किलोमीटरहून लांब उड्डाणपूल खुला झाला. सगळ्यात वर मेट्रो, मधी मोटारी, अन् तळाला माझी माय, गुडघा धरून, रस्ता ओलांडायला उभी. ही उतरंड ओळखीची वाटते का?

मेट्रो नको असं मी म्हणत नाही. माझी बहीण तिच्यातूनच बर्डीला पुस्तकं आणायला जाते, दिवस मावळल्यावर एकटी परत येते. पूर्वी बाप तिला सातच्या आत घरात म्हणायचा. आता म्हणत नाही. म्हातारीला मात्र स्टेशनापर्यंतचाच रस्ता जड. अन् नागपूरचा मे महिना! पारा ४५ च्या वर. सावलीची झाडं सिव्हिल लाइन्सला, इंग्रजानं आपल्या साहेबांसाठी आखलेली. तिथले लोक तर चालतसुद्धा नाहीत.

पुढच्या रविवारी आपापल्या मायीसंगं चाला. ती कुठं थांबली, कुठं टेकली, कुठून माघारी फिरली, लिहून आणा. माझं मी लिहून आणलंय. गेल्या मे महिन्यात मायीची दवाखान्याची तारीख होती. ती चौकापर्यंत गेली, गाड्या बघून उभी राहिली, अन् घरी परत आली. आम्हाला सांगितलं, डॉक्टर नव्हता.