आरशासमोरची खुर्ची



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून केस कापण्यावर बोलणार, हे ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले आहे. ते रास्तच आहे. पण महिन्या-दीड महिन्याने आपण ज्या खुर्चीत मान झुकवून बसतो, तिला इतिहास आहे. आणि मनासारखे केस कापून कसे मिळतील, याचे उत्तरही त्या इतिहासातच आहे.

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. वर्षभर गावाची हजामत करावी आणि सुगीला धान्य घ्यावे, हा त्याचा व्यवहार. ‘तुम्हांला कसे आवडते?’ हा प्रश्न तेथे फारसा नव्हताच. शेंडी किती, डोके कोणाचे तासायचे, हे रूढी ठरवी. कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, हेही तीच ठरवी. अस्पृश्य मानलेल्यांना गावचा न्हावी मिळत नसे.

पुढे शहरात दुकान निघाले. आरसा आला, खुर्ची आली, भिंतीवर दरपत्रक लागले. जो पैसे देईल त्याने बसावे, हा दुकानाचा साधा न्याय. पण रूढी दुकानाच्या पायरीवरही उभी राहिली, आणि ती एकट्या हिंदुस्थानातच नव्हे.

येथून जवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजी १९३६ साली राहावयास आले. त्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर असताना, प्रिटोरियातील एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास तुच्छतेने नकार दिला होता. त्यांनी केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशापुढे उभे राहून स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले. कोर्टातले मित्र हसले. उंदरांनी केस कुरतडले काय, म्हणाले. ही हकीकत गांधीजींनी आत्मकथेत सांगितली आहे. तिच्यातला खरा विचार पुढे आहे. त्या न्हाव्याला त्यांनी दोष दिला नाही. काळ्या माणसाचे केस कापले तर त्याची गोरी गिऱ्हाइके तुटली असती. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांचे केस कापू देतो काय, असे त्यांनी स्वतःच्या समाजालाच विचारले.

या प्रश्नाचे उत्तर पुढे घटनेने दिले. दुकानांत सर्वांना प्रवेश असावा, या कलमावर १९४८ साली घटना समितीत चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात काय काय येते, असे विचारण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, आपली सेवा देऊ करणारा कोणीही त्यात येतो, आणि हा हक्क नुसता उंबरठा ओलांडण्यापुरता नसून सेवा मिळविण्याचा आहे. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपायी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. तरीही देशाच्या काही भागांतून अशा नकाराच्या बातम्या अजून अधूनमधून येतात, ही आपणा सर्वांना खाली मान घालावयास लावणारी गोष्ट आहे.

आता एका दुसऱ्या नकाराची गोष्ट. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरविले. त्या विधवेला तिच्या केसांविषयी कोणी विचारले नव्हते. पहिल्या नकारात माणसाचा अपमान होता. या नकारात माणसाची कदर होती. मनासारखे केस म्हणजे दुसरे काय? आपल्या डोक्याविषयी आपल्याला कोणीतरी विचारणे, आणि आपण नीट सांगणे.

आणि आपण नीट सांगत नाही! ‘थोडे कमी करा’ म्हणतो आणि डोळे मिटतो. माझे ‘थोडे’ आणि कारागिराचे ‘थोडे’ यांत दोन बोटांचे अंतर असते. तेव्हा बोटांनी दाखवावे : वर इतके, कानाशी इतके, भांग या बाजूला. यंत्र लावणार असेल तर नंबर विचारावा. साधारणपणे एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे सहा. ओले केस लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, म्हणून पाणी मारल्यावर आखूडपणाची घाई करू नये. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. जास्त गेले तर पुढे दोन-तीन महिने टोपी! फोनमधले चित्र खुशाल दाखवावे, पण त्याबरोबर ‘माझ्या केसांना हे शोभेल का?’ असेही विचारावे. आपला भोवरा कोठे आहे, हे आपल्यापेक्षा त्याला अधिक दिसते. आणि मुलाला खुर्चीत बसवून त्याच्या डोक्याचा निकाल वडिलांनी परस्पर लावू नये. एकदा त्यालाही विचारावे.

आपली भाषा मात्र या कारागिरावर अन्याय करते. कोणाला खरडपट्टी काढली की आपण ‘बिनपाण्याने हजामत’ म्हणतो. ज्याच्या उघड्या वस्तऱ्यापुढे आपण निःशंकपणे गळा देतो, त्याला ‘अरे’ म्हणून हाक मारतो. वास्तविक इतका विश्वास आपण किती माणसांवर टाकतो?

सभ्य गृहस्थहो, या खुर्चीत कोणीही बसावे, बसणाऱ्याने मोकळेपणी सांगावे, आणि उभे राहून काम करणाऱ्याला ‘अहो’ म्हणावे. एवढे साधले तर केस मनासारखे होतील. आणि एखादे वेळी नाही झाले, तरी ते पुन्हा वाढतील. गेलेला मान मात्र तसा वाढत नाही.