खुबा बदलला, आता पाऊल उचला



खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालं,
की अनेकांच्या मनात एकच धास्ती असते.
पाय हलवला, आणि सांधा निखळला तर?

ही धास्ती अगदीच खोटी नाही.
पण तिच्यापायी पडून राहिलात, तर मांडीचे स्नायू अशक्त होतात.
मग उठताना जास्त दुखतं.
जास्त दुखलं, की भीती आणखी वाढते.

म्हणून हल्ली बहुतेकांना त्याच दिवशी,
नाहीतर दुसऱ्या दिवशी, वॉकर धरून उभं करतात.
घरच्यांना हा निर्दयपणा वाटतो.
तो उपचाराचाच भाग आहे.

आधी वॉकर पुढे.
मग ऑपरेशनचा पाय.
मग चांगला पाय.
जिना चढताना मात्र चांगला पाय आधी.
उतरताना ऑपरेशनचा.

व्यायामाआधी दुखण्याची गोळी कधी घ्यायची, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.
दुखणं आटोक्यात असलं, की पाऊल धीराने पडतं.

व्यायामानंतर थोडं ठणकणारच.
पण पोटरी सुजली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं,
किंवा अचानक पाय टेकवेना,
तर लगेच डॉक्टरांना कळवा.
एकाएकी धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.

मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं
डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.
चालणं मात्र हवंच.
पुन्हा सांगते, चालणं हवंच.

आणि घरच्या मंडळींनो,
आजी उठायला लागल्या, की "अहो, पडाल!" असं ओरडू नका.
शेजारी उभे राहा, आणि त्यांना चालू द्या.