ओलं अंगण, कोरडं अंगण



सकाळी दार उघडलं.
अंगण ओलं दिसलं.
आपण लगेच म्हणतो, रात्री पाऊस पडला वाटतं!

जरा थांबा.
पाऊस पडला, तर अंगण ओलं होतं.
हे खरंच.
पण अंगण ओलं, म्हणजे पाऊसच का?
पहाटे कुणी सडा घातला असेल.

आता उलट बघा.
पहाटे अंगण कोरडं ठणठणीत आहे.
म्हणजे नुकताच पाऊस पडलेला नाही.
हा तर्क पक्का.

युक्तिवाद तपासायची रीत साधी आहे.
आधीची विधानं खरी धरायची.
तरीही निष्कर्ष खोटा ठरेल, असा प्रसंग शोधायचा.
एक जरी सापडला, तरी युक्तिवाद अवैध.

आपल्या न्यायदर्शनात याचं सुंदर उदाहरण आहे.
जिथे धूर, तिथे अग्नी.
पण जिथे अग्नी, तिथे धूर असतोच असं नाही.
तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आठवा.
त्यात अग्नी आहे, धूर नाही.
लोहाराच्या ऐरणीपाशी हे डोळ्यांना दिसतं.

मला काळजी वाटते ती घरातल्या बोलण्याची.
'पैसे घेतले असतील, तर पोरगा घाबरेल.
बघा, घाबरलाय.
म्हणजे यानेच घेतले.'

अहो, कोवळं पोर नुसत्या चढलेल्या आवाजानेही घाबरतं.
पुन्हा सांगते.
अंगण ओलं, म्हणून पाऊसच, असं नव्हे.

आणि मग संध्याकाळी ते पैसे साडीच्या घडीत सापडतात.
तेव्हा त्या पोराच्या डोळ्यांकडे बघवत नाही.