मंदी, संप आणि कामगारांची सौदाशक्ती

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धंदा तेजीत असताना कामगारांना नफ्याचे वाटेकरी म्हणून कोणी बोलावीत नाही. मंदी आली म्हणजे मात्र तोट्याचे वाटेकरी होण्याचे आमंत्रण त्यांना अगत्याने दिले जाते. कारखाना जगला तर कामगार जगेल, हे वाक्य मग व्यवस्थापकाच्या खोलीपासून मंत्रालयापर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागते. ते सर्वस्वी खोटे नसते, आणि म्हणूनच ते घातक असते. मागणी घटली, माल पडून राहिला, बँकेचे हप्ते थकले, ही वस्तुस्थिती कामगारालाही दिसत असते. प्रश्न असा की, अशा वेळी संघटनेने मागायचे काय, आणि मागायचे ते कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी सांगली-साताऱ्याच्या माणसांनी ते कोणती किंमत मोजून शोधले, हे पाहणे अगत्याचे आहे.

गिरणी संपाने काय शिकविले

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या कामगारांत रत्नागिरी, सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील माणसे फार मोठ्या संख्येने होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसच्या करारावरून असंतोषाला तोंड फुटले. त्यामागे पगाराचे, घरभाड्याचे, रजेचे आणि विशेषतः बदली कामगारांचे जुने दुखणे होते. वर्षानुवर्षे गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचे, नसेल तर परतायचे, असा या बदली कामगारांचा दिनक्रम होता. त्यांना कायम करा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती.

दुसरा प्रश्न कायद्याचा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली गिरणी धंद्यात प्रातिनिधिक संघटना म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच वाटाघाटींचा अधिकार होता. एखाद्या विभागातील कामगारांपैकी पंचवीस टक्के सभासद दाखविले की हा दर्जा मिळे; गुप्त मतदानाने बहुमत सिद्ध करण्याची अट नव्हती. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते आणि कायदा दुसऱ्याच संघटनेशी बोलत होता. ज्यांच्याशी करार करून उपयोग होता त्यांच्याशी करार करता येत नव्हता, आणि ज्यांच्याशी करार करता येत होता त्यांचे कामगार ऐकत नव्हते. सामूहिक सौद्याचा पायाच अशा रीतीने उखडलेला होता.

परंतु संपाचे अपयश केवळ कायद्याच्या माथी मारणे हे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. संप सुरू झाला त्या वेळी कापड धंदा मंदीत होता आणि गोदामांत माल साठून होता. अनेक मालकांनी कित्येक वर्षे गिरण्यांतील यंत्रे बदललेली नव्हती. नफा अन्य धंद्यांकडे वळविलेला होता. यंत्रमागावर तेच कापड स्वस्तात विणून मिळत होते आणि संपाच्या काळात ते तसे विणून घेतलेही गेले. ज्या मालकाला आपले यंत्र थांबलेले परवडते, किंबहुना हवेच असते, त्याच्यासमोर यंत्र थांबविण्याची धमकी दुबळी ठरते. डॉ. सामंतांनी यापूर्वी अभियांत्रिकी कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळविल्या होत्या. त्या उद्योगांत मागणी होती आणि थांबलेला प्रत्येक दिवस मालकाला बोचत होता. तोच मार्ग गिरणगावात लागू पडला नाही, याचे कारण कामगारांच्या जिद्दीत उणेपणा होता असे नव्हे. त्यांच्या जिद्दीला तोड नव्हती. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणाही कधी झाली नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. परंतु तोवर हजारो कामगारांची नोकरी कायमची गेली होती.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या खाण कामगारांनी खाणी बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा तेथील सरकारने वीजकेंद्रांत कोळशाचे साठे आधीच करून ठेवले होते. वर्षभर लढून मार्च १९८५ मध्ये ते कामगार परतले. दोन देश, दोन धंदे, परंतु हिशेब एकच. भरलेल्या गोदामासमोर संपाची धार बोथट होते.

मालकाला नेमके काय हवे आहे, हे ओळखणे हा सौद्याचा पहिला नियम आहे. गिरणी मालकांना कापडापेक्षा गिरण्यांखालची जमीन अधिक मोलाची वाटत होती, हे पुढे उघड झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखण्याची तरतूद केली. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ बांधकामाविना मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते आकसले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. पगाराच्या टक्क्यांवर लढाई चालू असताना खरी मालमत्ता पायाखाली पडून होती.

गावाने पेललेला भार

या संपाची दुसरी बाजू सांगली जिल्ह्यात घडली. ती मुंबईच्या वर्तमानपत्रांत फारशी आली नाही.

खानापूर-आटपाडीचा मुलूख अवर्षणाचा. येथल्या तरुणाने एक तर गिरणीची वाट धरायची, नाही तर सोन्या-चांदीच्या गलाईसाठी परमुलूख गाठायचा, हा रिवाज जुना आहे. गावाकडची चूल मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. संप लांबला तशी मनिऑर्डर थांबली आणि कामगारच गावी परतले. आता गावाने मुंबईला पोसायचे होते. गावोगाव धान्य गोळा झाले. संपाचा खरा निधी संघटनेच्या तिजोरीत नव्हता. तो या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कणगीत होता. या कणगीच्या बळावर कामगार इतके दिवस टिकला आणि ती रिकामी झाली तसा तो थकला.

परतलेल्या कामगारासमोर लगेच दुष्काळ उभा होता. येथे एका योजनेची आठवण ठेवली पाहिजे. रोजगार हमी योजनेचे प्रवर्तक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. या कल्पनेचा पहिला प्रयोग १९६० च्या दशकात याच तालुक्यात झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. या योजनेच्या निधीसाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. संघटित कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा त्याच्याच गावच्या मजुराची मजुरी होऊन परतला. शहरी कामगार आणि ग्रामीण मजूर यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

खानापूर तालुक्यात परतलेल्या संपकऱ्यांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी या हमीचा आधार घेऊन 'मुक्ती संघर्ष' चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते तिच्यात होते. काम द्या, एवढ्यावर ही चळवळ थांबली नाही. खडी फोडून दुष्काळ हटत नाही. दुष्काळ कायमचा हटेल असे काम द्या, अशी तिची मागणी होती. येरळा नदीचा वाळू-उपसा ठेकेदारांच्या हाती होता. नदी कोरडी पडत होती, विहिरी आटत होत्या आणि पैसा गावाबाहेर जात होता. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ठरविले की, मर्यादित वाळू गावानेच विकावी आणि त्या पैशातून धरण बांधावे. अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञांनी साहाय्य केले, शासनाशी झगडावे लागले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण लोकांनी उभे केले. त्याच्या पाण्यावर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा हक्क मानण्यात आला.

गिरणीत हरलेल्या कामगारांनी गावात मिळविलेला हा विजय म्हणजे संपाच्या हानीची भरपाई नव्हे. तसे म्हणणे ज्यांचे संसार मोडले त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. परंतु एक धडा त्यातून स्वच्छ निघतो. ज्या कामगाराच्या गावी पाणी आहे, हक्काचे काम आहे, त्याला उपासमारीच्या धाकाने कामावर ओढून नेता येत नाही. गावचे पाणी हादेखील सामूहिक सौद्याचाच विषय आहे.

हंगामाचे गणित

आता सांगली जिल्ह्याच्या आजच्या प्रमुख धंद्याकडे, साखरेकडे वळू. येथे मालक म्हणजे बहुधा सहकारी संस्था आणि तिचे सभासद म्हणजे शेतकरी. त्यामुळे मंदीत संचालक मंडळाला एक सोयीचे उत्तर सापडते. उसाला दर द्यायचा की कामगारांना पगारवाढ, ते तुम्हीच सांगा, असे ते विचारतात. शेतकरी आणि कामगार यांना एकमेकांसमोर उभे करणारा हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. कर्ज कशासाठी काढले, मळी आणि मद्यार्काचे उत्पन्न किती, विस्तार कोणाच्या आग्रहाने झाला, हे दोघांनाही सांगितले जात नाही. एकेकाळी आशियातील मोठ्या सहकारी साखर कारखान्यांत गणला जाणारा, वसंतदादांनी उभारलेला सांगलीचा कारखाना कर्जाच्या वसुलीसाठी जिल्हा मध्यवर्ती बँकेने २०१७ साली खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने चालवायला दिला. कारखान्यावर अशी वेळ आली की उसाची बिले, पगाराची थकबाकी आणि बँकेचे येणे यांतील आधी कोणते, हा प्रश्न उभा राहतो. आणि बँकेपाशी तारण असते, तसे कामगारापाशी काहीच नसते. संघटनेने हिशेब मागायचा तो कारखाना आजारी पडण्यापूर्वी, नंतर नव्हे.

साखरेच्या धंद्यात एक गोष्ट कामगारांच्या बाजूची आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. उशीर होईल तसा उतारा घटतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर कामगाराच्या शब्दाला वजन असते आणि गाळप संपल्यावर ते उरत नाही. ऊसतोड कामगारांनी हे गणित नेमके ओळखले. २०२३-२४ च्या हंगामात 'कोयता बंद'च्या इशाऱ्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या जागी ३६६ रुपये मिळू लागले. उलट कारखान्यातील संघटित कामगारांसाठी २०२५ मध्ये त्रिपक्षीय समितीत दहा टक्के वाढीवर तडजोड झाली. या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. तोडणी कामगाराचा मूळ दरच अत्यल्प होता, आणि भविष्यनिर्वाह निधी वा उपदान या गोष्टी त्याच्या वाट्याला येत नाहीत. परंतु वेळ साधण्याचे महत्त्व त्यातून दिसते. कोयता आणि गव्हाण यांच्या मागण्या एकाच वेळी, एकाच टेबलावर कधी येणार, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. जत-आटपाडीचा तोडणी कामगार आणि कारखान्याचा फिटर हे एकाच जिल्ह्याचे रहिवासी असूनही एकमेकांच्या करारांविषयी अनभिज्ञ असतात.

नव्या कायद्याचा अर्थ

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिचा अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने केला पाहिजे. एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील एक्कावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटींसाठी मान्य होईल. तसे बहुमत कोणालाच नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांचे मंडळ बसेल. अल्पमताच्या संघटनेला कायद्याने गादी मिळण्याचा १९८२ चा अनुभव पाहता बहुमताचे तत्त्व स्वागतार्हच आहे. पण मेख 'हजेरीपटावरील' या शब्दात आहे. कंत्राटदाराकडचा कामगार त्या पटावर नसतो. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामगार त्याच यंत्रावर उभा असेल, परंतु एक्कावन्न टक्क्यांच्या मोजणीत तो नसेल. काल बदली कामगार दारात उभा होता. आज कंत्राटी कामगार आत असूनही बाहेर आहे.

शिवाय संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत सक्तीची झाली आहे. निम्म्या कामगारांनी एकदम रजा घेतली तर तोही संपच मानला जाईल. कामगार कपात वा कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यांना लागे. ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. सांगलीसारख्या जिल्ह्यात तीनशेहून कमी कामगारांचे कारखानेच अधिक, हे सांगण्याची गरज नाही. मंदीत पहिली कुऱ्हाड कोठे पडेल ते यावरून स्पष्ट होते.

कार्यकर्त्यांपुढील काम

तात्पर्य काय? मंदीत संप करूच नये, असा या अनुभवाचा अर्थ नाही. आपल्या हातात संप हे एकच हत्यार उरेल अशी वेळ संघटनेने स्वतःवर आणू नये, हा त्याचा अर्थ आहे. पगारवाढ थांबवावी लागली तर त्या बदल्यात हिशेबाची वही उघडून घ्यावी. कपातीचा प्रस्ताव आला तर आधी कामाचे तास वाटून घेण्याचा आग्रह धरावा. एकही कंत्राटी कामगार संघटनेला विचारल्याविना काढला जाणार नाही, हे करारात लिहून घ्यावे. जमीन विकण्याचा वा कारखाना भाड्याने देण्याचा विचार चालू असेल तर कामगारांच्या देण्याचा क्रम आधी ठरवून घ्यावा. आणि यातील प्रत्येक कराराची प्रत गावच्या चावडीवर वाचली जावी, कारण संप लांबला तर भाकरी तेथूनच यायची आहे.

हे काम हंगामाच्या पहिल्या मोळीच्या आधी सुरू व्हावयास हवे. प्रत्येक तालुक्यात कायम, हंगामी, कंत्राटी आणि तोडणी कामगार यांची एकत्र नोंदवही तयार करणे, ही त्याची पहिली पायरी आहे. हजेरीपट मालकाचा असतो. ही नोंदवही संघटनेची असेल, आणि दाराबाहेर ठेवलेल्या माणसाचे नाव तिच्यात सर्वांत आधी असले पाहिजे.