गोळीचा निर्णय



डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा विकार मुख्यतः मुलग्यांना होतो. डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या अभावी स्नायू क्षीण होत जातात. आमच्या चिरंजीवाच्या सातव्या वर्षी डॉक्टरांनी स्टिरॉइड सुचविले. त्याने चालणे काही काळ अधिक टिकते. मात्र वजन वाढते, उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात. आयुष्यभर व्यापार केला, पण हा हिशेब जुळेना. आप्तांनी “हे विष नको” असे बजावले. कुणी माझ्या पत्नीच्या माहेराकडे बोट दाखविले. (सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष आईकडून आलेलाच नसतो!) अखेर आम्ही औषध सुरू केले.

तीन वर्षांनी पर्युषणात त्याने निर्जळ उपवासाचा हट्ट धरला. ही गोळी एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते; कारण शरीराची स्वतःची तशी निर्मिती तोवर मंदावलेली असते. हे समजावताना मी प्रथमच त्याच्याशी त्याच्या आजाराविषयी बोललो. सारे ऐकून तो म्हणाला, “पप्पा, गोळी सुरू करताना मला का नाही विचारलंत?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता तपासणीला जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची वही तोच लिहितो.