अंगावर काढू नका

(कोडोली येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. इथं शेजारी वारणानगरला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पण आज चारचौघांत न काढला जाणारा विषय काढणार आहे : गर्भाशयमुखाचा कॅन्सर.

माझी खाला याच आजारानं गेली. पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अंगावरून जायला लागलं. वर्षभर तिनं ते अंगावर काढलं. घरातल्या बायकांना माहीत होतं. आम्हा पुरुषांना कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. दवाखान्यात नेलं तोवर आजार पसरला होता.

नंतर मी वाचत गेलो. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा संबंध शोधणाऱ्या हेराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याची लागण होतेच. बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप जाते. थोड्या बायकांमध्ये तो टिकतो आणि साधारण 15-20 वर्षांनी कॅन्सर होतो. यात चारित्र्याचा प्रश्न नाही. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो.

15-20 वर्षं! चूक पकडायला एवढा वेळ आमच्या धंद्यात कुणी देत नाही. तरीही 2022 मध्ये जगात सुमारे साडेतीन लाख बायका यानं गेल्या. त्यातल्या 100 पैकी 94 गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. भारतातल्या जवळपास 80 हजार. कारण साधं आहे, तपासणीच होत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या 100 भारतीय बायकांपैकी दोघींनीसुद्धा ही तपासणी केलेली नव्हती.

तपासणीनं फरक पडतो का? याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलनं खेड्यांतल्या 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास केला. आठ वर्षांत, तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरनं 64 मृत्यू झाले. एचपीव्हीची चाचणी फक्त एकदा झालेल्या गटात 34. गट जवळपास सारखेच मोठे होते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर यंत्रही लागलं नाही. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं. त्यांनी व्हिनेगरसारखं पातळ आम्ल गर्भाशयमुखाला लावून पाहायचं. बिघडलेला भाग मिनिटाभरात पांढरा दिसतो. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

आता आपल्यातली दोन बोलणी.

पहिलं, "आपल्यात सुंता असते, आपल्या बायकांना हा आजार होत नाही." सुंतेमुळे लागण काही प्रमाणात कमी होते, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. माझी खाला याच घरातली होती.

दुसरं, "लस घेतली की मुलं होत नाहीत." हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं खोटं आहे. मलेशियानं 2010 पासून शाळेतल्या मुलींना ही लस दिली, बांगलादेशनं 2023 मध्ये सुरुवात केली. आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटनं 2023 मध्ये देशी लस बाजारात आणली. 9 ते 14 हे लस घेण्याचं उत्तम वय, आणि आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की या वयात एक डोसही पुरतो. लस झाली तरी मोठेपणी तपासणी करायचीच.

मग आपण काय करायचं? घरात तिशी ओलांडलेली बाई असेल तर तिला सरकारी दवाखान्यात या तपासणीसाठी न्या. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर किंवा नर्स मागा, पडदा मागा. तो तिचा हक्क आहे. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका. नऊ ते चौदा वर्षांची बहीण किंवा मुलगी असेल तर लसीबद्दल विचारा.

आणि मुलांनो, हे काम "बायकांचं" म्हणून तिच्यावर ढकलू नका. दवाखान्यात न्यायला गाडी, पैसे आणि रजा बहुतेक घरांत आपल्याच हातात असते. आज घरी गेल्यावर अम्मीला एवढंच विचारा, "तब्येत कशी आहे, काही लपवत तर नाहीस ना?" माझ्या खालाला हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.